तिळाएवढी शंका, नऊ दिवसांची वाट

कामठ्याला दवाखाना थाटून मला आता तीस वर्षे झाली. मी आलो तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो पुढे, १ मे १९९९ रोजी. या तीस वर्षांत एक वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याचा हिशेब नाही. "काळजी करू नका." ताप असो, छातीत दुखणे असो, की रक्त तपासायला गोंदियाला पाठवायचे असो, चिठ्ठीसोबत हे वाक्य मी फुकट देत आलो. यंदा पोळ्याच्या सुमारास तेच वाक्य मला ऐकून घ्यावे लागले आणि हे औषध किती निकामी आहे ते कळले. आजचे सदर त्याविषयी.

आषाढात, रोवणीच्या दिवसांत, टाचेत काटा रुतला. आमच्या सौ. दिव्याखाली माझा पाय धरून सुईने काटा काढत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, टाचेजवळचा हा काळा डाग आधी नव्हता." मी म्हणालो, "तीळ असेल. पायाला तीळ असला की माणूस खूप फिरतो म्हणतात." "तुम्ही तर कामठा सोडून कुठंच जात नाही," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

संपला म्हणजे मी संपवला. पुढचे दोन महिने मी तो डाग कोणालाही दाखवला नाही. तापाची साथ आहे, दवाखाना सोडून कसा जाऊ, अशी कारणे मी सांगत होतो. खरे कारण भीती हेच होते. दुसऱ्या कोणाचा तळपाय असता तर मी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून दिली असती.

वाचकहो, प्रथम तिळाविषयी थोडे. जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर तीळ असतात. लहानपणापासून साधारण चाळिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात आणि त्यांतील बहुतेक जन्मभर निरुपद्रवी राहतात. मात्र त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा 'मेलॅनोमा' नावाचा एक कर्करोग आहे. तो सुरुवातीला तिळासारखाच दिसू शकतो. गोऱ्या लोकांच्या देशांत तो पुष्कळ आढळतो, आपल्याकडे तो दुर्मिळ आहे. पण सावळ्या माणसाला तो झालाच, तर पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यात, नखाखाली, १९७७ साली या रोगाचे निदान झाले आणि मे १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी तो गेला. बांधीत दिवसभर चिखलात उभी राहणारी आपली माणसे स्वतःचा तळपाय कितीदा उलटा करून पाहतात? मीही पाहिला नव्हता.

तीळ पाहताना पाच प्रश्न विचारावेत. मधोमध रेघ मारली तर त्याचे दोन भाग सारखे दिसतात का? कड साफ आहे, की फाटल्यासारखी वेडीवाकडी? रंग एकच आहे, की काळा, तपकिरी, तांबूस असा मिसळलेला? आकार सहा मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा मोठा आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गेल्या काही महिन्यांत त्याच्यात बदल होतो आहे का? याशिवाय नखात नवी काळी रेघ दिसली आणि ती रुंद होऊ लागली, तिळातून रक्त आले, किंवा तळपायाची जखम महिनाभरात भरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. दाखवण्यास तेवढे कारण पुरे आहे, इतकाच त्याचा अर्थ.

आणखी एक. मस किंवा तीळ 'जाळण्यासाठी' चुना आणि सोडा लावण्याची, नाहीतर केसाने बांधून तोडण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती सोडून द्यावी. जखम चिघळते ती वेगळीच, शिवाय तपासायला हवा तो भागच नाहीसा होतो.

असो. पोळ्याच्या दोन दिवस आधी सौ.नी मला जवळजवळ ओढूनच गोंदियाला नेले. त्वचारोगतज्ज्ञ माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान. त्यांनी दिवा असलेल्या भिंगाने डाग नीट पाहिला आणि म्हणाले, "सर, बहुधा काही नाही. पण जागा तळपायाची आहे आणि एका बाजूची कड अस्पष्ट आहे. सगळाच काढून तपासायला पाठवू. काळजी करू नका." तेवढ्या जागेला भूल देऊन त्यांनी डाग काढला, टाके घातले आणि तुकडा नागपूरला गेला. मी पायाला पट्टी बांधून कामठ्याला परतलो.

पोळ्याला मी ओसरीवर पाय वर करून बसून होतो. समोरून सजवलेले बैल गेले. दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. गावातली सारी रोगराई घेऊन जा, असे पोरे ओरडत होती. विज्ञान शिकलेला हा डॉक्टर मनातल्या मनात म्हणाला, माझेही तेवढे घेऊन जा.

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्या रात्री कळला. मी मोबाईल घेऊन वाचत बसलो. रात्रीच्या दोन वाजेपर्यंत उपचारांचा खर्च, मुलीचे लग्न, दवाखान्याला कुलूप, सगळे माझ्या मनात पार पडले होते. पट्टी सोडून जखम दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा पाहताना रक्त आले. रुग्णाने असे केले असते तर मी त्याच्यावर रागावलो असतो.

चौथ्या रात्री मला एक माणूस आठवला. पुष्कळ वर्षे झाली त्याला. धान कापणीच्या दिवसांत तो शेतमजूर माझ्याकडे आला होता. टाचेवर काळपट, न भरणारी जखम होती. मस समजून त्याने तिच्यावर चुना लावला होता. मला शंका आली. मी म्हणालो, "काळजी करू नका, पण एकदा नागपूरला दाखवून घ्या," आणि चिठ्ठी दिली. तो परत आला तो पाच महिन्यांनी, जांघेत गाठ घेऊन. "नागपूरला का गेला नाहीस?" मी चिडून विचारले. तो म्हणाला, "तुम्हीच तर म्हणाले होते डाक्टरसाहेब, काळजी करू नका." वर्षभरात तो गेला.

त्याच्या अडाणीपणाला बोल लावणे सोपे होते. कित्येक वर्षे मी तसा लावलाही. पण पायाला पट्टी बांधून खाटेवर पडल्यावर कळले, की चूक माझ्या वाक्याची होती. 'काळजी करू नका' हे सांगण्यात ना कारण असते, ना तारीख. ज्याला जायचे नसते, त्याला ते न जाण्याची परवानगी वाटते. जो आधीच घाबरलेला असतो, त्याला वाटते की डॉक्टर काहीतरी लपवतो आहे. तो मजूर पहिल्या प्रकारचा होता, मी दुसऱ्या प्रकारचा. दोघांनाही या वाक्याने काडीचा उपयोग झाला नाही.

सकाळी मी त्या तज्ज्ञांना फोन केला आणि तीन प्रश्न विचारले. तुम्हाला नेमकी कशाची शंका आहे आणि कितपत? अहवाल कोणत्या तारखेला येईल, आणि नाही आला तर मी कोणाला विचारायचे? आणि तो वाईट आलाच, तर दुसऱ्या दिवशी पहिली गोष्ट काय करायची?

पाच मिनिटांत त्यांनी सगळे सांगितले. शंका थोडी, पण दुर्लक्ष करण्याइतकी थोडी नाही. तारीख पुढच्या गुरुवारची. वाईट निघालेच, तर त्याच जागी थोडी अधिक त्वचा काढायची, जांघेतल्या गाठी तपासायच्या आणि पुढचा सल्ला नागपूरच्या कर्करोग रुग्णालयात घ्यायचा. मेलॅनोमा पातळ असताना सापडला तर पुष्कळदा तो काढून टाकण्यानेच रुग्ण बरा होतो. यातले बरेच मला ठाऊक होते. पण आपल्या स्वतःच्या पायाविषयी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे निराळे असते.

अहवालाला इतके दिवस का लागतात, हेही रुग्णाला कोणी सांगत नाही. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरतो. मग त्यातले पाणी काढून त्यात मेण भरतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ते काप काचेवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. थोडी शंका राहिली तर आणखी निराळे रंग वापरावे लागतात, त्याला अधिक दिवस जातात. तेव्हा उशीर झाला म्हणजे बातमी वाईट, असे समजू नये. बहुधा काम नीट चालले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

उरलेल्या दिवसांत मी जे केले ते सांगतो. पैकी कशालाच पैसे पडत नाहीत.

पहिले, काळजीला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी दिवेलागणीनंतर वीस मिनिटे. दिवसा विचार आला की त्याला सांगायचे, संध्याकाळी ये. त्या वीस मिनिटांत मनातले सगळे वहीत लिहायचे. तिसऱ्या दिवशी लिहायला नवीन काही उरले नाही.

दुसरे, रात्री मोबाईलवर रोग वाचणे बंद. पट्टी सांगितल्या दिवशीच सोडायची. ज्यांचा तीळ अजून काढलेला नाही, त्यांनी शेजारी पट्टी ठेवून एक फोटो घ्यावा, तारीख लिहावी आणि डॉक्टरांना दाखवावा. रोज आरशात पाहिल्याने तीळ रोज वाढल्यासारखा वाटतो.

तिसरे, झोप येईना तेव्हा सावकाश श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, अशी दहा मिनिटे. लांबवलेल्या उच्छ्वासाने छातीतली धडधड उतरते. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, दारू आणि खर्रा तर नकोच.

चौथे, एका माणसाला सारे सांगावे. मी सौ.पासून चार दिवस लपवत होतो. सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काय कळलं नव्हतं? अहो, वाईट आलंच तर काय करायचं ते आजच ठरवून टाकू." आम्ही कागदावर ठरवले. पैशाचीही भीती कमी झाली, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका कुठे ठेवली आहे, ते तेवढे शोधून ठेवले.

एवढे करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, काम सुचत नसेल, तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो.

आठव्या दिवशी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. "तुम्ही कामठीचे ना?" क्षणभर घशाला कोरड पडली. कामठी नागपूरजवळची, आम्ही गोंदियाकडच्या कामठ्याचे. अशा चुकामुकीची आम्हाला सवय आहे, पण त्या दिवशीचा 'ठी' आणि 'ठा' मी जन्मात विसरणार नाही. माझा कागद चुकीच्या गठ्ठ्यात जाता जाता वाचला होता. फोन करून विचारण्याची तारीख ठरलेली नसती, तर मी किती दिवस वाट पाहत बसलो असतो कोण जाणे.

नवव्या दिवशी अहवाल आला. साधा तीळ. कर्करोगाच्या पेशी नाहीत. सौ.नी देवापुढे साखर ठेवली, आणि मी त्या दिवशी दवाखाना अर्धा तास लवकर उघडला.

पण अहवाल चांगला आला म्हणून माझे दोन महिन्यांचे लपवणे शहाणपणाचे ठरत नाही. तो मजूरही तसाच लपवत राहिला होता. त्याच्या आणि माझ्या पायात फरक होता तो केवळ नशिबाचा.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे. चिठ्ठी देताना कारण सांगा, तारीख लिहा, त्या तारखेला रुग्ण आला नाही तर एक फोन करा. आणि वाचकांनो, डॉक्टर नुसतेच 'काळजी करू नका' म्हणाले, तर उठू नका. कशाची शंका, कोणती तारीख, पुढे काय, हे तीन प्रश्न विचारूनच बाहेर पडा. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावलेच तर कामठ्याच्या डॉक्टरने विचारायला सांगितले, असे खुशाल सांगा.

आणि आज रात्री पाय धुतल्यावर, घरातल्या सगळ्यांचे तळपाय एकदा दिव्याखाली पाहा.