शब्दकोशाबाहेरची इंग्रजी

इंग्रजी भाषेविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या भावना आहेत. एका पक्षाला ती वाघिणीचे दूध वाटते, दुसऱ्याला गुलामगिरीची खूण. पण इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, ह्या एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे नकळत एकमत असते. ज्या साहेबाने येथे राज्य केले त्याच्याच देशात कोळसा खणणारा आणि सूत कातणारा माणूस कोणती इंग्रजी बोलत होता, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही.

अलीकडे इंग्रजीतील आवडत्या, अपरिचित व प्रादेशिक शब्दांचे संग्रह मोठ्या हौसेने वाचले जातात. दोन घरांमधल्या बोळाला यॉर्कशायरमध्ये कोठे 'स्निकेट' म्हणतात तर कोठे 'गिनेल', ज्याला थंडी सोसत नाही अशा माणसाला मिडलंड्समध्ये 'नेश' म्हणतात, अशी माहिती त्यांत असते. हा नाद मलाही आहे आणि त्याबद्दल मला मुळीच संकोच वाटत नाही. मात्र असे संग्रह वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. ह्यांत गमतीचे म्हणून दिलेले पुष्कळ शब्द गमतीतून जन्मलेले नाहीत. ते गिरणीच्या भोंग्याखाली आणि खाणीच्या अंधारात घडले आहेत, आणि संग्राहक त्यांची धूळ झटकताना त्यांचा अर्थही झटकून टाकतो.

'क्लेम्ड' हा लँकेशायरचा शब्द घ्या. त्याचा अर्थ उपासमार झालेला. प्रमाण इंग्रजीत ह्यासाठी 'स्टार्व्ह' हे क्रियापद आहे, परंतु उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'स्टार्व्ह्ड' म्हणजे थंडीने गारठलेला. मूळ जुन्या इंग्रजीत त्या धातूचा अर्थ नुसता मरणे एवढाच होता. जर्मन भाषेत तो आजही तसाच आहे. दक्षिणेत मरण भुकेशी जोडले गेले, उत्तरेत थंडीशी, आणि भुकेसाठी उत्तरेने वेगळा शब्द राखून ठेवला. ज्याच्या घरात शेगडीला कोळसा नाही आणि फडताळात भाकरी नाही त्याला ही दोन दुःखे वेगवेगळी सांगावी लागतात. पोट भरलेल्या माणसाला एक शब्द पुरतो.

एलिझाबेथ गॅस्केल ह्या बाईंनी १८४८ मध्ये 'मेरी बार्टन' ही मँचेस्टरच्या कामगारांवरची कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यातील कामगार 'क्लेम्ड' म्हणतात, संपफोड्याला 'नॉबस्टिक' म्हणतात. बाईंचे पती विल्यम गॅस्केल हे धर्मोपदेशक होते व त्या बोलीचे जाणकार होते. त्यांनी ह्या शब्दांना तळटीपा जोडल्या आणि 'क्लेम' ह्या शब्दासाठी बेन जॉन्सन ह्या जुन्या नाटककाराचा दाखला दिला. हेतू उघड होता. लंडनच्या वाचकाने हा शब्द अडाण्याचा अपभ्रंश समजू नये, तो थोरामोठ्यांच्या लेखनातही आहे हे त्याला कळावे. त्या सद्गृहस्थांचे उपकार मान्य करूनही विचारावेसे वाटते, की भुकेल्या विणकराला आपली भूक खरी ठरवण्यासाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या नाटककाराची साक्ष का काढावी लागावी?

ह्याच लँकेशायरच्या भुकेशी आपला एक धागा बांधला गेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून येणारा कापूस अडला. १८६२ च्या अखेरीस लँकेशायर आणि आसपासच्या मुलखात सुमारे पाच लाख माणसे मदतीवर जगत होती. ज्या गिरण्या चालू राहिल्या त्यांत मुंबई बंदरातून गेलेला कापूस आला. लिव्हरपूलच्या बाजारात त्या सगळ्या कापसाला 'सुरत' हे सरसकट नाव होते. त्यातल्याच अमरावतीकडच्या मालाचे तिथल्या व्यापाऱ्यांनी 'ऊमरा' केले होते. हा कापूस आखूड धाग्याचा, त्यात माती-कचरा पुष्कळ. लांब धाग्यासाठी बनलेल्या यंत्रांवर तो टिकेना, सूत क्षणाक्षणाला तुटे. विणकर उक्त्या मजुरीवर, म्हणजे धागा तुटला की त्याची कमाईही तुटली. विणकरांनी त्याला आपल्या उच्चारात 'शुरॅट' म्हटले. सॅम्युएल लेकॉक ह्या लँकेशायरच्या बोलीकवीने शुरॅट विणणाऱ्यावर गाणे रचले. पुढे लँकेशायरमध्ये 'सुरत' म्हणजे कोणतीही भेसळीची, हिणकस वस्तू असा अर्थ रूढ झाला, इतका की आपल्या बिअरला 'सुरत' म्हटले म्हणून एका मद्य बनवणाऱ्याने अब्रूनुकसानीचा दावा लावल्याची नोंद १८६३ ची आहे.

त्याच वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला होता, शेअरचे वेड भरात होते आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच पेढ्या धडाधड कोसळल्या. वऱ्हाड-खानदेशच्या कुणब्याचा माल तिकडे शिवी झाला आहे, हे त्या कुणब्याच्या कानावर जाण्याचे कारण नव्हते. आणि हा कापूस पिकवणारा आपल्याइतकाच नाडलेला आहे, हे लँकेशायरच्या विणकरालाही कोणी सांगितले नाही. दोघांच्या मध्ये दलाल होता, आणि त्याला दोघांचीही बोली शिकण्याची गरज नव्हती. 'सुरत' हा शब्द मला आवडत्या शब्दांच्या कोणत्याही यादीत घालवत नाही, परंतु तो विसरवतही नाही.

गिरणीतलाच आणखी एक शब्द आहे, यॉर्कशायरचा 'लेक'. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी तो तेथे आणला, अर्थ खेळणे. मुले रस्त्यात लेकतात. पण लोकरीच्या गिरणीत माल नसला, बीम आले नाही, मालकाने काम थांबवले, की कामगारही 'लेकिंग' करीत असे. काम नाही म्हणजे मजुरी नाही, आणि त्याला नाव काय, तर खेळणे! लँकेशायरमध्येही असेच 'प्लेइंग' म्हणत. आपल्याकडे मालकाने कामगाराला 'घरी बसवले' असे आपण म्हणतो. तेथे क्रिया मालकाची आहे हे स्पष्ट राहते. यॉर्कशायरच्या माणसाने मालकाला वाक्यातून वगळून सगळा प्रसंग थट्टेवर नेला. ह्याला कोणी दैववाद म्हणेल. मला त्यात मानीपणा दिसतो: रिकाम्या हाताने घरी आलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या दयेपेक्षा स्वतःची थट्टा परवडते.

ह्या सर्वांत माझ्या मनात घर करून राहिलेला शब्द मात्र डरहॅमच्या कोळसा खाणीतला आहे, 'कॅव्हिल'. प्रमाण इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ निष्कारण खुसपट काढणे. डरहॅममध्ये त्याच उच्चाराचा, पण वेगळ्या कुळातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ चिठ्ठीने वाट्याला आलेली जागा. खाणीतली प्रत्येक जागा सारखी नसते. कोठे थर चांगला उंच आणि कोरडा, तर कोठे दोन फुटांचा, पाणी ठिबकणारा, जेथे माणसाने दिवसभर कुशीवर पडून कोळसा फोडायचा. मजुरी किती कोळसा निघाला ह्यावर. साहजिकच चांगली जागा कोणाला द्यायची हा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळी खाण. डरहॅमच्या कामगारांनी हा अधिकार व्यवस्थापकाकडे राहू दिला नाही. दर तीन महिन्यांनी सर्वांच्या चिठ्ठ्या पडत आणि जिची चिठ्ठी निघेल ती जागा पुढच्या चिठ्ठीपर्यंत त्याची. एका जागेवर पाळीपाळीने राबणारे व मजुरी वाटून घेणारे साथीदार एकमेकांचे 'मॅरा'. मॅरा म्हणजे जोडीदार. ज्याच्या हातात आपला जीव आहे असा माणूस. व्यवस्थापकाची हांजी हांजी करणाऱ्यालाही ओली जागा मिळू शकत होती आणि संघटनेच्या भांडखोर कार्यकर्त्यालाही कोरडी मिळू शकत होती. दैवावर हवाला ठेवणे आपण पुरोगामी लोक प्रतिगामी समजतो. येथे चिठ्ठीच लोकशाहीचे हत्यार झाली होती. यंत्रे आली, उक्ती मजुरी जाऊन रोजंदारी आली, तशी ही पद्धत मागे पडली.

येथे थोडे विषयांतर करतो. फार वर्षांपूर्वी एका गिरणीच्या दारात आम्ही पत्रके वाटत होतो. त्यांत 'वरकड मूल्य' होते, 'उत्पादनसंबंध' होते. एका वृद्ध साचेवाल्याने पत्रक दोनदा वाचले आणि विचारले, "हे कुठल्या खात्यातलं?" आम्ही त्याला समजावून सांगू लागलो. त्याच्याकडे 'खाडा', 'बदली', 'धोटा' अशा शब्दांत तीच गोष्ट सांगण्याची भाषा तयार होती, हे त्या वेळी आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

इंग्लंडात हे ज्याला सुचले तो माणूस स्वतः गिरणीतून आला होता. जोसेफ राइटचा जन्म १८५५ मध्ये ब्रॅडफर्डजवळ झाला. सहाव्या वर्षी तो दगडाच्या खाणीत गाढवगाडी हाकू लागला, सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या गिरणीत डॉफर, म्हणजे भरलेल्या बॉबिनी काढणारा पोऱ्या झाला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या बातम्या स्वतः वाचता याव्यात ह्या ईर्ष्येने तो अक्षरे शिकला. रात्रशाळेत शिकला, मग आपल्या सोबत्यांसाठी स्वतःच रात्रवर्ग चालवला. साठवलेल्या पैशांवर जर्मनीला गेला आणि अँटवर्पहून हायडेलबर्गला पायी पोहोचला. तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९८ ते १९०५ ह्या काळात त्याने इंग्रजी बोलींचा कोश सहा खंडांत सिद्ध केला व त्याच्या प्रकाशनाचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. 'क्लेम' आणि 'लेक' दोन्ही त्यात आहेत. ज्या मुलाने लेकिंगचे दिवस घरात पाहिले असतील त्याने तो शब्द कोशात नोंदवला, म्हणून त्याचे दोन्ही अर्थ तेथे शाबूत आहेत.

पुढच्या विद्वानांचे काम मोठे आहे, पण त्यांची नजर वेगळी होती. लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन ह्यांनी चालवलेली पाहणी १९५० ते १९६१ अशी चालली. ३१३ ठिकाणी संशोधक गेले. त्यांनी मुख्यतः खेड्यातले, शेतीत आयुष्य गेलेले वृद्ध गाठले, कारण शुद्ध बोली तेथे सापडेल अशी समजूत होती. गिरणीच्या शहरातली बोली त्यांना मिसळलेली वाटली. विणखात्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात ओठांच्या ठसठशीत हालचालींनी आणि खुणांनी बोलणाऱ्या, लँकेशायरात जिला 'मी-मॉ' म्हणत ती भाषा घडवणाऱ्या बाया त्या प्रश्नावलीत कोठे बसणार?

१९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला गेला, खाणी एकामागून एक बंद झाल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशायरमधली केलिंग्ली ही शेवटची खोल कोळसा खाणही बंद झाली. कंबरलँडच्या किनाऱ्यावर तरुण मुले अजूनही मित्राला 'मॅरा' अशी हाक मारतात. त्यांतल्या बहुतेकांनी खाण पाहिलेली नाही. यॉर्कशायरमध्ये 'लेक'चा खेळण्याचा अर्थ उरला आहे, दुसरा गिरणीबरोबर गेला. काम नसलेले दिवस मात्र गेलेले नाहीत. त्यांना आता 'झीरो अवर्स' करार म्हणतात, आणि हा शब्द कचेरीत घडलेला आहे. वखारीतून सकाळी फोनवर "आज येऊ नका" असा निरोप ज्याला येतो, तो पोरगा आपल्या मॅराला त्या दिवसाविषयी काय म्हणतो ते आवडत्या शब्दांच्या ह्या संग्रहांत शोधून पाहावे. तेथे स्निकेट सापडेल.