अकरावीची वाट आणि एसटीची वेळ

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांतून उत्तीर्णांच्या टक्केवारीची चर्चा होते, गुणवंतांचे सत्कार होतात आणि आठवडाभरात तो विषय मागे पडतो. तलासरी आणि डहाणू तालुक्यांच्या पूर्वेकडील पाड्यांवर मात्र खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. उत्तीर्ण झालेल्या मुलाने वा मुलीने अकरावीसाठी कोणते महाविद्यालय निवडावे, हा तो प्रश्न नव्हे. तेथपर्यंत रोज जायचे कसे आणि त्याचे पैसे आणायचे कोठून, हा तो प्रश्न आहे. गुणपत्रिका हातात असूनही शिक्षण सुटते, ते पुष्कळदा या एका कारणाने.

आपल्या कायद्याची रचना पाहिली तर या विसंगतीचे मूळ ध्यानात येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची जबाबदारी शासनावर टाकली. त्यानुसार झालेल्या राज्याच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले. जेथे शाळा दूर तेथे वाहतुकीची सोय अथवा भत्ता देण्याचे तत्त्वही मान्य झाले. समग्र शिक्षा योजनेच्या २०२१ च्या सुधारित रूपात हे साहाय्य माध्यमिक स्तरापर्यंत वर्षाला सहा हजार रुपयांच्या मर्यादेत देता येईल, अशी तरतूद आली. हे सर्व स्वागतार्हच आहे. परंतु शाळा जवळ असते त्या वयात शासन हात धरते आणि कनिष्ठ महाविद्यालय किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्था दहा-पंधरा किलोमीटरवर जाते, नेमका त्याच वयात तो हात सुटतो. वाट लांबते तशी जबाबदारी आखूड होत जाते, असा हा उलटा न्याय आहे.

सवलती नाहीत असे कोणी म्हणणार नाही. एसटी महामंडळ विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सूट देते. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. रेल्वेही बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य देते. कागदावर ही यादी भरघोस दिसते. मात्र आगगाडी डहाणू रोड, घोलवड, बोर्डी रोड अशी समुद्राच्या कडेने जाते. उधवा, कोचाई, उपलाट किंवा सायवनच्या मुलाला तिचा पास मिळूनही उपयोग काय? त्याला एसटीच हवी, आणि सकाळच्या तासाला पोहोचविणारी एसटी नसेल तर मोफत पास हा नुसता छापील कागद ठरतो.

एसटीचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला आणि त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतील प्रवासी खासगी जीप व टमटम यांच्या हवाली झाला. पुढे २०२५ च्या जानेवारीत भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. फेरी बेभरवशाची झाली की पास असलेला विद्यार्थीही जीपमध्ये बसतो आणि तेथे कोणतीही सवलत चालत नाही. समजा, एका खेपेला वीस रुपये पडतात. दिवसाचे चाळीस आणि पंचवीस दिवसांचे हजार रुपये झाले. २०१० मध्ये ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे अनुसूचित जमातीच्या, घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता होता महिन्याला २३० रुपये. या दोन आकड्यांमधील अंतर कोणी भरून काढायचे? ते भरते आईची मजुरी. ती पुरली नाही की मुलाचे नाव हजेरीपटावर राहते आणि मूल घरी राहते.

यावर वसतिगृहांकडे बोट दाखविले जाते. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, डहाणूस एकात्मिक प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना थेट रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनाही २०१६ पासून आहे. पण ही योजना बारावीनंतरच्या शिक्षणासाठी योजलेली आहे; अकरावी-बारावीचा विद्यार्थी तिच्या कक्षेत येत नाही. वसतिगृहातील जागा मोजक्या असतात आणि प्रत्येक घराला मूल बाहेर ठेवणे परवडत नाही. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात तेव्हा धाकट्या भावंडांकडे पाहणारी सोळा वर्षांची मुलगी वसतिगृहात जाणार कशी? तिच्यापुढे दोनच पर्याय उरतात. रोज ये-जा करायची, नाही तर शिक्षण सोडायचे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. तलासरीच्या शेजारी उंबरगाव आणि वापीची औद्योगिक वसाहत आहे. तेथील मजुरीसाठी ठेकेदाराची गाडी नाक्यावर येते आणि माणसे भरून नेते. सतरा वर्षांचा मुलगा फाट्यावर उभा असतो. एका बाजूला रोजचे पैसे देणारी गाडी वेळेवर येते आणि दुसऱ्या बाजूला पैसे मागणारी गाडी येईल की नाही याची खात्री नसते. तो कोणत्या गाडीत चढेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मग आपण म्हणतो की आदिवासी मुलांना शिक्षणाची गोडी नाही. हा आरोप अन्यायाचा आहे.

हा प्रदेश काही जागृतीला पारखा नाही. २३ मे १९४५ रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. त्याच वर्षी ताराबाई मोडक बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे सूत्र धरून अंगणात बालवाडी भरली आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. लहान मुलासाठी अंगणापर्यंत शाळा नेता येते. विज्ञानाची प्रयोगशाळा पाड्यापाड्यावर नेता येत नाही, हे खरे. पण मग बस तरी पाड्यापर्यंत जायला हवी.

अंतर कमी केले की शिक्षण वाढते याचा पडताळा इतरत्र आलेला आहे. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे एकतृतीयांशाने वाढल्याचे आणि हा परिणाम मुख्यतः तीन किलोमीटरपलीकडील गावांत झाल्याचे आढळले. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातही २०१५ पासून अठरा वर्षांपर्यंत शिक्षण वा प्रशिक्षण सक्तीचे झाले, पण सोळा वर्षांपुढील प्रवासखर्चाचा निर्णय स्थानिक परिषदांवर सोपविला गेला आणि तेथेही पालकांची कुरकुर चालूच आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ गरिबीचा नाही, नियोजनाच्या दृष्टीचाही आहे.

खर्चाचे काय, असे विचारले जाईल. २०२२ मध्ये राज्याने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू केले. २०२४ मध्ये आर्थिक मर्यादेतील कुटुंबांच्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्कही माफ झाले. यांपैकी एकही सवलत कमी करा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या तिजोरीला हे परवडते तिला अकरावी-बारावीच्या आणि औद्योगिक प्रशिक्षणाच्या मुलांचे उरलेले तेहतीस टक्के भाडे परवडू नये, हे पटत नाही.

म्हणून मागण्या तीनच आहेत. पहिली, अनुसूचित क्षेत्रातील बारावीपर्यंतच्या आणि प्रशिक्षण संस्थांतील सर्व विद्यार्थ्यांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता, एसटीचा पास मोफत मिळावा व त्याची भरपाई शासनाने महामंडळास वेळेवर करावी. दुसरी, डहाणू आगाराने वेळापत्रक आखताना तालुक्यातील महाविद्यालयांच्या प्राचार्यांना बोलवावे आणि तास सुरू होण्याच्या व सुटण्याच्या वेळा विचारून फेऱ्या ठरवाव्यात. तिसरी, ज्या पाड्यावर बस जाऊच शकत नाही तेथील विद्यार्थ्यास माध्यमिक स्तराप्रमाणे प्रवास भत्ता मिळावा, आणि तो वर्ष संपल्यावर नव्हे तर दरमहा मिळावा.

यांतली दुसरी मागणी तर जवळपास बिनखर्चाची आहे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही की मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. एका टेबलाभोवती चार माणसे बसली तरी पुरे. येत्या जूनमध्ये फाट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी निदान तेवढे तरी व्हावे.