विश्लेषण : नर पिल्लांचा प्रश्न जर्मनीने सोडवला का?

अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत नर पिल्लू हॅचरीला नकोसे असते. ते अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखे अंगही धरत नाही. म्हणून एक दिवसाचे असतानाच ते मारले जाते. (आपल्याकडे बाजारात रंग लावून विकली जाणारी पिल्ले बहुधा यातलीच.) जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून या कत्तलीवर बंदी घातली. त्याआधी तिथे वर्षाला चार कोटींहून अधिक पिल्ले मारली जात.

नर ओळखतात कसे?
गुदद्वार तपासण्याची जपानी पद्धत जुनी. त्याला सरावलेला हात लागतो. तपकिरी अंड्यांच्या संकरित जातींत रंगच पुरतो : मादी तपकिरी, नर पिवळट. पण ही ओळख पिल्लू बाहेर आल्यावरची. आता अंड्यातच तपासणी होते. कवचातून प्रकाश टाकतात किंवा आतल्या द्रवाचा थेंब घेतात.

मग अडचण कुठे?
भ्रूणाला वेदना कधीपासून होतात, यावर घोडे अडले. उबवणीच्या सातव्या दिवसापासून भ्रूण नष्ट करण्यास मनाई ठरली होती, पुढे ती तेराव्या दिवसापासून केली गेली. पांढऱ्या अंड्यांच्या जातींत रंगाचा उपयोग नाही. शिवाय शेजारच्या पोलंडमध्ये अशी बंदी नाही आणि तिथून कोंबड्या आणण्यास जर्मन कायद्याची आडकाठी नाही.