चाक, चामडे आणि परिग्रहाचे परिमाण

परीक्षा आटोपल्या की इतवारी-गांधीबागेतील अनेक घरांत अलीकडे एक नवी मागणी पुढे येते: मोटारशर्यतीच्या खेळासाठी स्टिअरिंग आणि पेडल. आजोबांना ते खेळणे वाटते, वडिलांना अनावश्यक खर्च, आणि मुलाला मात्र त्यावाचून खेळ अपुरा वाटतो. तिघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. म्हणून होकार वा नकार देण्यापूर्वी ही वस्तू समजून घेणे इष्ट.

हे निव्वळ पोरखेळ नव्हे. २०२० साली टाळेबंदीमुळे फॉर्म्युला वनच्या शर्यती थांबल्या, तेव्हा आयोजकांनी संगणकावरील शर्यती भरविल्या आणि व्यावसायिक चालक घरी बसून अशाच चाकांवर त्या धावले. तथापि त्यांची साधने आणि आपल्या घरची गरज यांत अंतर आहे, हे विसरू नये.

पहिला प्रश्न किमतीचा नसून जुळणीचा आहे. प्लेस्टेशनसाठी घेतलेले चाक सामान्यतः एक्सबॉक्सवर चालत नाही. लॉजिटेकचे जी २९ प्लेस्टेशन व संगणकासाठी, तर जी ९२० एक्सबॉक्स व संगणकासाठी आहे. घरी कोणते यंत्र आहे हे पाहूनच दुकानाची पायरी चढावी.

दुसरा प्रश्न चाकाच्या अंतरंगाचा. अगदी स्वस्त चाकात मोटर नसते. स्प्रिंगमुळे ते केवळ मध्यावर परतते. फोर्स फीडबॅक असलेल्या चाकातील मोटर रस्त्याचा धक्का व घसरण हाताला जाणवून देते. खरे कौशल्य तेथेच येते. ही शक्ती दातेरी गिअरमधून आली, तर चाक टिकाऊ पण काहीसे खडखडणारे. पट्ट्यातून आली, तर मऊ व शांत. मोटर थेट चाकाला जोडली, तर उत्तम पण महाग. रात्री वडीलधारी मंडळी सामायिकाला बसत असतील, तर या आवाजाचाही विचार व्हावा. तसेच चाक ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे, फिरणारे असावे. २७० अंशांच्या चाकात खऱ्या मोटारीचा अंदाज येत नाही.

तिसरा प्रश्न खास आपल्या घरांचा आहे. जी २९ व जी ९२० यांच्या चाकावर हाताने शिवलेले चामड्याचे आवरण असते आणि विक्रेते ते गुण म्हणून सांगतात. पट्टा व पाकीट घेताना जी चौकशी आपण करतो, ती येथे सहसा कोणी करीत नाही. चामडे नको असेल, तर थ्रस्टमास्टरचे टी १२८ पाहावे. त्यात फोर्स फीडबॅक आहे, ते ९०० अंश फिरते आणि त्यावर चामडे नाही. मात्र त्याला पेडल दोनच, क्लच नाही. नवशिक्याला तेवढे पुरते. टी १२८ प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांसाठी वेगवेगळे येते, हे ध्यानी ठेवावे.

पेडलांत ब्रेककडे प्रथम लक्ष द्यावे, कारण शर्यतीत वेळ वाचतो तो ब्रेक अचूक दाबण्याने. चाक घट्ट लाकडी टेबलालाच कसावे, काचेच्या नव्हे. चाकांची खुर्ची ब्रेक दाबताच मागे सरकते; साधी लाकडी खुर्ची उत्तम. वेगळा स्टँड घेण्याची घाई नको.

आता बिलाविषयी. दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर हे चाक घेऊन कराचे क्रेडिट मिळवावे, असा मोह होऊ शकतो. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर असे क्रेडिट मिळत नाही. रक्कम लहान असेल. परंतु मुलाच्या देखत घेतलेल्या त्या बिलातून तो अचौर्य शिकेल की नेमके उलट, हे आपण ठरवीत असतो.

अखेरचा विचार खेळाच्या निवडीचा. पादचाऱ्यांना चिरडून गुण मिळविण्याचे खेळही याच चाकावर चालतात. तेथे जीव मरत नसला, तरी मनात अपध्यान घडते आणि अनर्थदंडविरतीचा हेतू बाधित होतो. त्याऐवजी निखळ शर्यतीचे खेळ घ्यावेत, किंवा 'युरो ट्रक सिम्युलेटर २' सारखा, ज्यात माल वेळेवर व अखंड पोहोचवावा लागतो. व्यापाऱ्याच्या मुलाला तो सहज रुचेल. वर्धा मार्गावर मात्र हा सराव परवाना ठरत नाही. मोटारीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावीच लागतात, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

परिग्रहाचे परिमाण म्हणजे काहीच न घेणे नव्हे. किती घ्यावे आणि किती वेळ वापरावे, हे आधी ठरविणे होय. रक्कम व रोजची वेळ मुलाने स्वतः कागदावर लिहावी, घरच्यांनी त्यावर सही करावी, आणि वर्षभर चाक कपाटावर धूळ खात पडले, तर ते दुसऱ्या गरजू मुलाकडे जाईल, हेही त्याच कागदावर असावे.