कसोटी वादात नव्हे, आचरणात

ईश्वर न मानणाऱ्याला परदुःखाची पर्वा कशी असणार, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. वस्तुतः पारलौकिक पुण्याची आशा न धरणाऱ्या आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढून विधवांच्या केशवपनाविरुद्ध लेखणी झिजवली. सनातन्यांनी जिवंतपणीच काढलेली प्रेतयात्राही सोसली. उलटपक्षी, श्रद्धाळू केवळ पुण्याच्या लोभानेच देतो, हा नास्तिकांचा आरोपही तितकाच एकांगी होय. मनमाडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात भुकेल्याला जात वा धर्म विचारला जात नाही. देवाच्या अस्तित्वाचा वाद खुशाल चालावा. परंतु वर्षानुवर्षे पाणीटंचाई सोसलेल्या या गावाने माणूस पारखावा तो शेजाऱ्याच्या रिकाम्या घागरीसाठी नळावरून तो बाजूला सरतो की नाही, यावरून.