आजीचा पुरावा

१/ परंपरा सांगते, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि बेने इस्रायल कोकणात आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे मराठी ज्यू म्हणजे 'शनवार तेली'. त्यांच्यात रब्बी नव्हते. लग्ने आणि तंटे काझी पाहत.

२/ १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. तेथे काही रब्बींनी त्यांची लग्ने लावण्यास नकार दिला. पूर्वजांचे घटस्फोट व पुनर्विवाह धर्मशास्त्राला धरून झाले होते का, ही त्यांची शंका.

३/ १९६२ मध्ये प्रमुख रब्बी यित्झाक निसीम यांच्या काळात आदेश निघाला : या समाजातील वधूवरांच्या आई, आजी आणि त्यामागील पिढ्यांची चौकशी करा.

४/ १९६४ मध्ये समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले; आदेशातून समाजाचे नाव गेले, चौकशीचा नियम मात्र उरला.

५/ शंका शास्त्राची होती, द्वेषाची नसेलही. पण नातवाच्या लग्नासाठी आजीला आरोपी करणे हा दुरावा सांधण्याचा मार्ग नव्हे. कोकणातल्या काझीला ती आजी ठाऊक होती. धर्मगुरूचा अधिकार मला त्या ओळखीत दिसतो, दाखल्यात नाही.