विश्लेषण: शेती संरक्षणाची बंदूक घरात आहे, पण चाप कधी ओढता येतो?

सिंधुदुर्गात भात पिकायला लागले की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात. काजू-आंब्याच्या हंगामात माकडे आणि वानरे बागा उजाड करतात. दोडामार्गात त्यात हत्तींची भर पडते. त्यामुळे जिल्ह्यात अनेक घरांत शेती संरक्षणाची परवानाधारक बंदूक पिढ्यान् पिढ्या आहे. पण ही बंदूक कुणी वापरायची, कशावर चालवायची आणि निवडणुकीत ती जमा का करायची, याविषयी गैरसमज फार आहेत. कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राचा वेगळा शस्त्र कायदा आहे का?

नाही. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले की बंदुकीचे नियम बदलतात. तिथे शस्त्र बाळगणे हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. भारतात तो मूलभूत हक्क नाही. शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय घटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. म्हणून मालवण असो की मणिपूर, शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ हेच लागू होतात. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातल्या कोडवांना परवान्यातून सूट आहे, पण तीही केंद्राने दिलेली आहे. २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवण्यात आली.

फरक पडतो तो अंमलबजावणीत. परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, पोलिसांच्या अहवालानंतर देतात. त्यामुळे सिंधुदुर्गातील शेतकऱ्याचा संबंध मंत्रालयापेक्षा ओरोसच्या कार्यालयाशी जास्त येतो.

शेतकऱ्याला कोणती बंदूक मिळते?

कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद तिथे आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर काडतुसाच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. परवाना नाकारला, तर कलम १८ खाली अपील करता येते.

इथे एक अडचण मालवणकरांच्या सहसा लक्षात येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात नवीन शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. ते समुद्रातले असले, तरी कलमात जमिनीवरचे आणि पाण्यातले असा भेद नाही. म्हणजे प्रवाळासाठी राखलेल्या अभयारण्याचा परिणाम काठावरच्या बागायतदाराच्या अर्जावर होऊ शकतो.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा का?

अजिबात नाही, आणि सर्वाधिक लोक इथेच अडकतात. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याची परवानगी देतो. प्राणी मारता येतो की नाही, हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ठरवतो. हवेत बार काढून कळप हुसकावणे वेगळे आणि डुक्कर पाडणे वेगळे. रानडुकराला मारायचे, तर कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची परवानगी लागते. गवा आणि हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांच्या बाबतीत पीक वाचवत होतो हे कारण चालतच नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. पण मारलेला प्राणी तेव्हाही सरकारच्या मालकीचा असतो. नुकसान झाल्यास वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. त्यासाठी वेळेत पंचनामा करून घेणे महत्त्वाचे.

बंदूक उसनी देता येते का?

नाही. परवाना माणसाला असतो, घराला नाही. परवानाधारक मुंबईला गेला आणि राखणीसाठी भावाने किंवा गड्याने बंदूक उचलली, तर ती विनापरवाना बाळगणूक ठरू शकते. त्यासाठी २ ते ५ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. परवान्याची मुदत संपल्यावर बंदूक घरात ठेवली, तरी हाच धोका असतो. अशी बंदूक विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते.

वडिलांच्या पश्चात बंदूक आपोआप मुलाची होत नाही. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना घ्यावा लागतो. वडील हयात असतानाही हे करता येते. त्यांचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यांतले जे आधी घडेल तेव्हा ते वारसाचे नाव सुचवू शकतात. चाकरमानी घरांसाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने काय बदलले?

एका व्यक्तीकडे पूर्वी ३ बंदुका चालत, आता २ च. परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली. लग्नात, वरातीत किंवा उत्सवात निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा बारांचे रील टाकणारा स्वतःविरुद्धचा पुरावाच पोलिसांच्या हाती देत असतो.

निवडणुकीत बंदूक जमा करावीच लागते का?

खरा संघर्ष इथे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान ७ मे रोजी झाले, पण निकालासाठी ४ जूनपर्यंत थांबावे लागले. म्हणजे काजू-आंब्याचा अख्खा हंगाम आचारसंहितेत गेला. त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन भातकापणीत सुरू झाली. राखणीची बंदूक नेमकी गरजेच्या वेळी पोलीस ठाण्यात, हे शेतकऱ्याचे दुखणे आहे.

मात्र सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करा, असे निवडणूक आयोग सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार जिल्ह्यात छाननी समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले किंवा दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक कोण, हे समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवायचे असते. त्यामुळे ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, अशा शेतकऱ्याने पीक, हंगाम आणि सातबारा यांचा तपशील देऊन समितीकडे सूट मागावी. अर्ज लेखी असावा आणि त्याची पोच घ्यावी. मात्र जमा करण्याचा आदेश हाती आला, तर तो आधी पाळावा. बंदूक देताना पावती घ्यावी आणि दाद नंतर मागावी. आदेश न जुमानता बंदूक घरात ठेवल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो आणि परवानाही धोक्यात येतो. मग पुढच्या हंगामात राखणीला बंदूकच उरत नाही.